१८७४ च्या कायद्यात आपण नव्हतो



मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. लग्नाला आठ महिने झालेत, टर्म पॉलिसीचा फॉर्म भरत होता. "मावशी, इथे विचारलंय की पॉलिसी एमडब्ल्यूपी कायद्याखाली हवी का? हो लिहू की नाही?" मी म्हटलं, "हो लिही, आणि का ते ऐकायला रविवारी सुनेला घेऊन जेवायला ये." त्या दोघांना जे सांगितलं, तेच आज तुमच्यासाठी लिहिते.

सुरुवात आमच्या काकूंपासून करते. काकांचं अडत दुकान होतं. दोन वर्षं उधारी बुडाली आणि दुकान अडचणीत आलं. काकांनी विमा काढला होता, पण दुकानाच्या कर्जापोटी ती पॉलिसी गहाण पडली होती. काका गेले, तेव्हा आलेल्या रकमेतून आधी कर्ज वळतं झालं. काकूंच्या हाती राहिल्या त्या माहेरच्या पाटल्या. त्या मोडून मुलांच्या फिया भरल्या. यात कुणी लबाडी केली नव्हती. पॉलिसी काकांची होती, म्हणून काकांच्या देण्याला लागली, एवढंच.

व्यापाऱ्याच्या घरात पेढी आणि घर यांत भिंत नसते, हे जुनं दुखणं आहे. १८६५ साली मुंबईने ते मोठ्या प्रमाणावर पाहिलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्या पैशावर शेअरचा सट्टा माजला होता. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि भल्या भल्या पेढ्या बुडाल्या. त्या सट्ट्यातलं सर्वांत मोठं नाव होतं प्रेमचंद रायचंद, मूळचे सुरतेचे जैन. त्यांनाही जबर फटका बसला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव आहे. शेठजींचं नाव इतिहासात राहिलं. पण त्या वर्षी बुडालेल्या इतर घरांतल्या बायकांनी संसार कसा ओढला असेल, ते कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.

आता कायद्याकडे येऊ. इंग्लंडमध्ये तेव्हा लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची समजली जाई. तिथे १८७० साली कायदा बदलला आणि त्याच धर्तीवर १८७४ साली हिंदुस्थानात विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आला. त्यातलं सहावं कलम आपल्या कामाचं. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा काढताना 'हा बायकोच्या आणि मुलांच्या लाभासाठी' असं पॉलिसीवरच लिहिलं, तर ती रक्कम विश्वस्त निधी ठरते. तिच्यावर नवऱ्याचा ताबा चालत नाही, त्याच्या घेणेकऱ्यांचा हक्क पोचत नाही, आणि ती त्याच्या इस्टेटीतही मोजली जात नाही.

पण याच कायद्याच्या सुरुवातीला एक ओळ आहे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना हा कायदा लागू नाही! बी.कॉम.ला असताना मी हा कायदा परीक्षेपुरता वाचला होता. ती ओळ डोळ्यांखालून गेली असणार, पण लागली नाही. काकूंचं पाहिल्यानंतर वाचली, तेव्हा लागली.

आपल्याकडे स्त्रीधन आधीपासूनच बाईचं मानत, त्यामुळे बाकीच्या कलमांवाचून फारसं अडत नव्हतं. विम्याचं कलम मात्र त्यांच्याबरोबरच हातचं गेलं. मुंबईत १८७० सालीच बॉम्बे म्युच्युअल ही देशी विमा संस्था निघाली होती. म्हणजे विमा दारात आला होता, पण त्याचं हे कुलूप आपल्याला मिळालं नव्हतं. अखेर १९२३ साली कायदा सुधारला आणि त्या वर्षीच्या एक एप्रिलनंतर हिंदू, मुसलमान, शीख, जैन यांनी काढलेल्या पॉलिसींना सहावं कलम लागू झालं. मद्रास इलाख्यासाठी ही तारीख १९१३ च्या अखेरची धरली. आपल्याला एकोणपन्नास वर्षं वाट पाहावी लागली.

आणि मिळाल्यावर आपण त्याचं काय केलं? काकांची पॉलिसी १९२३ नंतर कितीतरी वर्षांनी काढलेली होती. कलम होतं, पण फॉर्मवर तेवढं लिहायला कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

भाच्याला मी चार गोष्टी बजावल्या. हे पॉलिसी काढतानाच लिहावं लागतं, मागाहून नाही. नुसतं नॉमिनी म्हणून नाव असणं वेगळं, कारण नॉमिनी नवरा बदलू शकतो आणि पॉलिसी गहाणही टाकू शकतो. एकदा लिहिलं की ते त्याला आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही, म्हणून विचार करून लिहावं. आणि देणं बुडवण्याच्या हेतूने असा विमा काढला असेल, तर कायदा घेणेकऱ्याच्याच बाजूने उभा राहतो. ते योग्यच आहे. अचौर्य व्रत आपल्याला वेगळं काय सांगतं?

सुनेला सांगितलं, विमा हा तरुणपणीचा आधार. म्हातारपणासाठी स्वतःच्या नावाचं पीपीएफ खातं उघड. १९६८ पासूनची ही योजना पंधरा वर्षांची असते, आणि कर्जवसुलीसाठी कोर्टालाही त्यातली रक्कम जप्त करता येत नाही. दुकानदाराच्या घरात पेन्शन नसते, म्हणून हे लवकर सुरू कर.

तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, पैशाचं इतकं बघणं म्हणजे परिग्रह नाही का?" मी म्हटलं, अगं, श्रावकाचं व्रत परिग्रह-परिमाणाचं आहे. परिमाण म्हणजे माप. घरात काय आहे, कुणाच्या नावावर आहे, देणं किती आहे, हे ठाऊकच नसेल तर माप कशाचं घालणार?

मैत्रिणींनो, आज दुपारी कपाटातली पॉलिसी काढा आणि पहिलं पान वाचा. जुनी असेल तर आता बदलणार नाही, पण निदान काय आहे ते कळेल. आणि घरात नवी निघणार असेल, तर ती एक ओळ लिहायला सांगा.

जय जिनेंद्र.