भोपळा आणि लोण

मराठी आणि गुजराती मुलखांतल्या राबत्यात खेळही होते. हुतूतूच्या, म्हणजे कबड्डीच्या, नियमांना छापील रूप मिळाले ते 1923 मध्ये, गायकवाडांच्या बडोद्यात, हिंद विजय जिमखान्याच्या पुढाकाराने. खेळात एका बाजूच्या हाती काहीच न लागणे यासाठी मराठीत दोन ठळक शब्द आहेत, भोपळा आणि लोण. त्यांतला आपल्या मैदानाचा खरा वारसा लोण हाच आहे, असे माझे मत आहे.

भोपळा हा धावफलकाचा शब्द. गुण मोजून लिहिले जाऊ लागले, तेव्हाच शून्याला नाव द्यायची गरज पडली. इंग्रजी क्रिकेटमध्ये शून्याच्या आकारावरून बदकाचे अंडे आले, म्हणून आपला भोपळा ही त्याचीच नक्कल, असा आक्षेप घेता येईल. कल्पना क्रिकेटबरोबर आली असेल, हे मान्य करायला हवे. परीक्षेतल्या शून्यालाही आपण भोपळाच म्हणतो, एवढा तो घरचा झाला. पण लोणाला हा आक्षेप लागू होत नाही. आट्यापाट्यांत सगळ्या पाट्या ओलांडून परतणारा गडी लोण आणतो. कबड्डीत समोरचे सगळे गडी बाद केले की लोण चढते. दोन्ही ठिकाणी शब्द करणाऱ्याच्या पराक्रमाचा आहे, हरणाऱ्याच्या रिकामेपणाचा नाही. लोण बसलेल्या संघाच्या खात्यात गुण असू शकतात, तेव्हा ते शून्य नव्हेच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि माझा मुद्दाही तोच आहे: या खेळांचा मूळ हिशेब गुणांचा नसून गड्यांचा होता. कबड्डीच्या जुन्या गामिनी प्रकारात बाद गडी परत येत नसे, त्यामुळे बाजू संपेपर्यंत डाव चाले. संजीवनी प्रकारात बाद गडी पुन्हा उठू लागले. लोणाचे 2 जादा गुण देऊन अख्खा संघ पुन्हा उभा केला जातो. अमर प्रकारात बाद गडी मैदानातच राहतो, म्हणून तिथे लोणच नाही. शब्दाचा अर्थ नियमांनी घडवला, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

2014 पासून प्रो कबड्डीच्या प्रक्षेपणात ‘ऑल आउट’ रूढ झाले. ते चटकन समजते, हे खरे. पण त्यात फक्त बाद होणारे दिसतात, बाद करणारे नाहीत. मराठी समालोचकांनी आणि क्रीडा पत्रकारांनी लोण हाच शब्द वापरावा.