इथे बांधा, तिथे तपासा

६ आणि ७ डिसेंबर १९६० ला कोबोलमधला जवळपास एकच प्रोग्राम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. आज एकच टेस्ट सूट आपण अनेक प्लॅटफॉर्मवर फिरवतो, त्याचं मूळ मला इथे सापडतं. पुढे अमेरिकी नौदलात ग्रेस हॉपर यांच्या गटाने कोबोलचे कंपायलर पारखणारे प्रोग्राम तयार केले. कंपायलर कोणाचाही असो, परीक्षा सगळ्यांना तीच, ही रीत तिथून रुजली.

पण प्रोग्राम ज्या यंत्रावर कंपाइल झाला तिथेच तो चालणार, हे बहुतेक टेस्ट गृहीत धरत. क्रॉस-कंपायलिंग, म्हणजे एका यंत्रावर कंपाइल करून दुसऱ्यावर चालवणं, आलं आणि हे गृहीतक मोडलं.

याचं जवळचं उदाहरण पुण्यातलं. तिथे सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, ट्रान्सप्युटर चिपांवर. अशा चिपला प्रोग्राम होस्ट यंत्राकडून लिंकवरून पाठवता येई. पुढे इंटेलची आय८६० आली, परम ९००० मध्ये स्पार्क आली. प्रोसेसर बदलला की आधीचं सगळं पुन्हा तपासणं आलंच.

त्याच सुमारास अमेरिकेत सिग्नस कंपनी दुसऱ्यांच्या बोर्डांसाठी ग्नू कंपायलर घडवून देत होती. तिथे रॉब सॅव्हॉय यांनी डेजाग्नू हे टेस्ट चालवणारं साधन लिहिलं. आधार होता डॉन लिब्स यांच्या एक्स्पेक्टचा, म्हणजे समोरच्या प्रोग्रामशी माणसासारखा संवाद करणाऱ्या साधनाचा. डेजाग्नूचं मोठेपण एका विभागणीत आहे: काय तपासायचं ते टेस्टमध्ये, आणि बोर्डापर्यंत कसं पोचायचं ते वेगळ्या बोर्ड फाइलमध्ये. नवा बोर्ड आला तर नवी फाइल लिहायची. हजारो टेस्टना हात लावायचा नाही.

एक बारीक अडचण बघा. ज्या बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टिमच नाही, तिथे प्रोग्राम संपताना आपला एक्झिट कोड देणार कोणाला? डेजाग्नू प्रोग्रामला एक छोटं वेष्टण जोडतं. ते शेवटी तो आकडा छापतं, आणि होस्ट तो सिरियल केबलवरून वाचून टेस्ट पास की फेल ते ठरवतो. इतकी साधी युक्ती, पण तिच्यामुळे मुक्या बोर्डांनाही उत्तर देता आलं.

१९८७ मध्ये पर्लने दुसरी सोपी वाट दाखवली होती: टेस्टने नुसतं ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ छापायचं, वाचणारा कोणीही असो. २००३ मध्ये फॅब्रिस बेलार यांचं क्यूईएमयू हे एम्युलेटर आलं आणि परक्या प्रोसेसरचा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर चालू लागला. अर्थात टायमिंगच्या चुका त्यात सुटतात, म्हणून खरा बोर्ड अजूनही हवाच.

पवईच्या आयआयटीत उदय खेडकर यांनी जीसीसीचं, म्हणजे त्याच ग्नू कंपायलरचं, अंतरंग विद्यार्थ्यांना उलगडून दाखवलं. त्या जीसीसीचा टेस्ट सूट अजूनही डेजाग्नूवरच चालतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये प्रोग्राम चालवण्याची कमांड टेस्टच्या पोटात लिहिली असेल, तर दुसरा प्लॅटफॉर्म दारात येण्याआधीच ती बाहेर काढा.