आम्लालाही दाद न देणारा

सिल्लोडच्या बाजारात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर मदरबोर्ड उघडा पडलेला असला, तर त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे पिवळे चौकोनी तुकडे दिसू शकतात. एका टोकाला पट्टी. गोल डबीसारख्या साध्या कपॅसिटरवर पट्टी ऋण टोक दाखवते, इथे ती धन टोकाची. नवशिका हमखास इथेच फसतो, आणि उलटा बसवलेला तुकडा धूर सोडतो. त्याच्या पोटात टँटलम असतं. सिल्लोडच्या भुईत मात्र ते मिळायचं नाही. अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली तो इथला काळा पत्थर लाव्हारसाचा. टँटलम सापडतं ग्रॅनाइटच्या गोतावळ्यात, पेग्मटाइटमध्ये. आपल्याकडे बस्तरमध्ये त्याचं खनिज आहे.

1802 साली उप्सालाच्या आंदेर्स एकेबर्गने दोन खनिजं तपासली, एक फिनलंडचं, एक स्वीडनमधल्या इट्टरबीचं. दोन्हींतून एक पांढरी भुकटी निघाली. कितीही आम्ल ओता, ती आपली तशीच. गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहूनही तहानलेल्या टँटलस या ग्रीक राजाचं नाव त्याने तिच्यातल्या मूलद्रव्याला दिलं. त्याच्या वर्षभर आधी लंडनमध्ये चार्ल्स हॅचेटला असंच हट्टी कोलंबियम सापडलं होतं. 1809 मध्ये वोलॅस्टनने निकाल दिला की दोन्ही एकच. खरं तर त्यांच्या खनिजांची घनता एकाची सहाच्या आत, दुसऱ्याची आठच्या घरात. एवढा फरक डोळ्यांसमोर असताना वोलॅस्टनसारख्या काटेकोर माणसाने तो बाजूला सारावा, याचं नवलच वाटतं. 1844 मध्ये हाइनरिश रोझने निओबियम (म्हणजे हॅचेटचं कोलंबियमच) टँटलमहून वेगळं असल्याचं सांगितलं खरं, पण सोबत पेलोपियम नावाचं नसलेलं मूलद्रव्यही घुसडलं.

घोळाचं मूळ या पदार्थाच्या स्वभावातच होतं. न विरघळणाऱ्या दोन भुकट्या वेगळ्या करायच्या कशा? टँटलम पेंटॉक्साइड पाण्यात विरघळत नाही, नायट्रिक, हायड्रोक्लोरिक आम्लांनाही बधत नाही. क्लोराइड पाण्यात टाकावं तर ते विरघळण्याऐवजी फुटतं: आम्लाच्या वाफा वर, पांढरा गाळ खाली. दोनच वाटा उरतात. कॉस्टिक पोटॅशबरोबर वितळवलं तर पाण्यात जाणारं टँटलेट मिळतं (सोडियमचं टँटलेट मात्र जेमतेमच विरघळतं). नाहीतर हायड्रोफ्लोरिक आम्ल, जे काचही खातं.

जिनिव्हाच्या मारिन्याकने 1866 मध्ये ही दुसरी वाट धरली. आम्लातल्या द्रावणात त्याने पोटॅशियम फ्लोराइड घातलं. निओबियमच्या जोडमिठाचा एक भाग विरघळायला थंड पाण्याचे बारा-तेरा भाग पुरतात; टँटलमच्या मिठाला दीडशे-दोनशे लागतात. म्हणून द्रावण आटवत गेलं की टँटलमच्या बारीक सुया आधी तळाशी बसतात आणि निओबियम वर राहतं. त्या सुया नुसत्या पाण्यात उकळल्या तर पाणी गढूळ होतं आणि पांढरी भुकटी पडते. टँटलम ओळखायची खूणच ती. शोधाचा मान एकेबर्गचा, पण टँटलमला स्वतःची ओळख मिळाली ती मारिन्याकमुळे, असं मला वाटतं.

स्फटिकं पुन्हापुन्हा पाडण्याचा तो किचकट खटाटोप आता उरला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून दोन धातूंची फारकत सेंद्रिय द्रावकाने होते. तरी कपॅसिटरची भुकटी करायची तर मारिन्याकचंच मीठ पाडतात आणि ते वितळत्या सोडियमबरोबर तापवतात. बर्झेलियसने 1824 मध्ये पोटॅशियम वापरून हेच केलं होतं. मग पाण्याने धुतलं की फ्लोराइडचे क्षार वाहून जातात, धातू राहतो. ती भुकटी दाबून, भाजून गोळी करतात, सौम्य फॉस्फरिक आम्लात बुडवतात आणि वीज सोडतात. धातूवर पेंटॉक्साइडचा पापुद्रा चढू लागतो, आणि आम्लात विरघळत नसल्यामुळे तो चढतच जातो: दर व्होल्टला साधारण दोन नॅनोमीटर.