पोटनियमातील दार

सहकारी गृहनिर्माणाचा इतिहास लिहिणारे भूखंडांचा, कर्जांचा, इमारतींचा इतिहास लिहितात. ज्या कागदावर ही घरे उभी राहिली त्या पोटनियमांकडे कोणी वळत नाही. मला तो कागद महत्त्वाचा वाटतो. कारण आपला माणूस जिन्यावर अडवला जाण्याआधी पुष्कळदा तिथेच अडवला गेलेला असतो.

१९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली. १९१३ साली मुंबईत बॉम्बे को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन निघाली आणि तिने नमुन्याचे पोटनियम तयार केले. वकिलाची फी न परवडणाऱ्या पगारदारांना हा मोठाच आधार होता. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. तिच्यामागे रावबहादूर तालमकी होते. भाडेकरूंनीच मिळून आपल्या घरांचे मालक व्हावे, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती. तिचे श्रेय मी नाकारीत नाही. पण सहकार मुंबईत राहायला आला तो जातीच्या पंगतीत बसूनच, याचीही नोंद झाली पाहिजे.

मी काही वर्षे आमच्या संस्थेचा चिटणीस होतो. आमचे पोटनियम शेजारच्या संस्थेकडून उसने आणलेले, तिने ते तिसरीकडून आणलेले. एका कलमात विहिरीच्या देखभालीचा खर्च तसाच राहून गेला होता. आमच्या आवारात विहीर कधीच नव्हती! कागद असा न वाचता हातोहात फिरतो. विहीर फिरते तशी जातही फिरते.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातले २३ वे कलम खुल्या सभासदत्वाचे आहे. पुरेशा कारणाशिवाय कोणाला सभासदत्व नाकारू नये, असे ते सांगते. पण कोणाला? अधिनियमाप्रमाणे 'आणि' संस्थेच्या पोटनियमांप्रमाणे जो पात्र असेल त्याला. सगळी मेख त्या 'आणि'त आहे.

शेजारच्या गुजरातच्या कायद्यातही खुल्या सभासदत्वाचे कलम आहे, आणि त्याची परीक्षा सर्वोच्च न्यायालयात झाली. अहमदाबादच्या झोरास्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीने सभासदत्व पारशांपुरते राखले होते. २००५ साली न्यायालयाने तो पोटनियम वैध ठरवला. घटनेतील भेदभावाची बंदी अशा खाजगी संस्थेला लागू नाही, आणि संघटना करण्याचे स्वातंत्र्य सभासदांना आहे, असा त्याचा आशय. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून १९१७ साली काठ्या घेऊन आलेल्या मंडळींनी बाबासाहेबांना बाहेर काढले, तेव्हा पोटनियम दाखवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. पारशी समाज मूठभर आहे, आपण नाहीसे होऊ ही त्याची भीती मी समजू शकतो. परंतु ज्या सवर्ण संस्था या निकालाच्या आडोशाला उभ्या राहू शकतात, त्या मूठभर नाहीत.

नमुना फिरवून माणसे बाहेर ठेवण्याची ही युक्ती आपल्यापुरती नाही. १९२७ साली शिकागोच्या घर-जमीन व्यावसायिकांच्या मंडळाने एक नमुना करार तयार करवला: काळ्या माणसाला घर विकू नये, भाड्याने देऊ नये. वस्त्यावस्त्यांनी त्यावर सह्या केल्या. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की करार खाजगी असेल, पण त्याचा अंमल करणारे न्यायालय राज्याचे आहे. म्हणून असा अंमल होणार नाही. आपल्याकडे 'खाजगी' हा शब्द उच्चारला की विषय संपतो.

आणि आपल्या संस्था? मागासवर्गीयांच्या ज्या गृहनिर्माण संस्थांना सरकारने जमिनी दिल्या, त्यांत मागासवर्गाबाहेरचे काही सभासद घेण्याची तरतूद होती. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांच्या कागदात गावासाठी जागा होती.

सरकारी आदर्श उपविधींत आज जातीची अट नाही. घर विकताना संस्थेचे ना-हरकत पत्र लागत नाही, असेही २०१४ च्या नमुन्यात आहे. तरी समिती ते मागते, आणि आडनाव विचारते. जुन्या संस्थांच्या कपाटातले कागद वेगळेच बोलतात. मी अशा प्रती जमवतो आहे. वाचकांनी आपल्या संस्थेची प्रत मागून घ्यावी आणि सभासदत्वाचे कलम जसेच्या तसे उतरवून मला पाठवावे. संस्थेचे नाव नसले तरी चालेल. नोंदणीचे वर्ष मात्र हवे.