भरून घेणे, उतरवून घेणे

आवाज साठवण्यासाठी मराठीने वापरलेली क्रियापदे दुसऱ्या कामांतून उसनी आणलेली आहेत. 'उतरवून घेणे' हे लेखणीचे. पोथी उतरवून घेतात, पत्ता उतरवून घेतात. 'भरून घेणे' हे घागरीचे, डब्याचे. कॅसेट आली तेव्हा आपण ती 'भरून' घेऊ लागलो. दिल्लीच्या दुकानांतही हिंदीत 'कॅसेट भरवाना' असेच म्हणत. रिकामी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली न्यायची. आता घरच्या संगणकावर व्हिडिओतला नुसता आवाज काढून ठेवतात, त्या कृतीला मात्र स्वतःचे क्रियापद मिळालेले नाही. 'डाउनलोड' म्हणजे सगळेच घेणे. चित्र टाकून आवाज तेवढा निवडणे त्यात येत नाही. मला इथे पोथीचेच क्रियापद बरे वाटते.

या गोष्टीची दिल्लीतली सुरुवात एका मराठी माणसापाशी होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करणारे मंत्री म्हणून त्यांची थट्टा खूप झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती काढावी लागली. पण १९५२ सालीच दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला होता. शनिवारी रात्री देशभरची केंद्रे तो एकदम सहक्षेपित करीत. सांगलीचा श्रोता आणि करोलबागेतला कारकून एकच ख्याल एकाच वेळी ऐकत. ऐकून झाला की संपला. टेप आकाशवाणीकडे, श्रोत्याकडे फक्त आठवण.

ज्यांच्या घरी स्पूलचा टेपरेकॉर्डर होता अशा थोड्यांनी तो उतरवून घेतला. ऐंशीच्या दशकात टू-इन-वन घरोघर आला, तेव्हा ही चैन मध्यमवर्गाची झाली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस पंचेचाळीस मिनिटे. मैफल ऐन रंगात असताना कॅसेट उलटावी लागे आणि तेवढ्यात दोन-चार आवर्तने निसटत. आज यूट्यूबवर अशा जुन्या मैफली ऐकताना मध्येच एक खटका येतो, तो त्या उलटण्याचा. पोथीत पान फाटलेले असावे तसा. मला तो खटका आवडतो. त्यावरून कळते की हे घरात, कुणीतरी बोट बटणावर ठेवून केलेले आहे.

याच काळात दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातले गुलशन कुमार कॅसेटच्या धंद्यात उतरले. त्यांची सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सीरिज, नोएडात वाढली. स्वस्त कॅसेट, जुन्या गाण्यांच्या नव्या गळ्यांतल्या आवृत्त्या, भजने, प्रादेशिक लोकगीते. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली उत्तर भारतातल्या कॅसेट-संस्कृतीवर पुस्तक लिहिले. तंत्र स्वस्त झाले की ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी कशी सैल होते आणि गावच्या बोलीला बाजार कसा मिळतो, हे त्यात नीट दिसते. पुढे हीच कंपनी मायस्पेसविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात स्वामित्वहक्क सांगत उभी राहिली. २०११ साली एकल न्यायमूर्तींचा आणि २०१६ साली खंडपीठाचा निकाल आला. कॅसेटच्या गल्लीतून कायद्याच्या पुस्तकात जाण्याचा हा रस्ता नोएडा ते शेरशाह मार्ग एवढाच लांब आहे.

यूट्यूब २००५ सालचे. पुढच्याच वर्षी स्पेनमधल्या रिकार्दो गार्सिया यांनी यूट्यूब-डीएल हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. कारण अगदी घरगुती होते. त्यांच्याकडे टेलिफोनच्या तारेवरचे संथ इंटरनेट होते आणि व्हिडिओ अडखळत चाले. म्हणून आधी उतरवून घ्यायचा, मग पाहायचा. त्या वर्षी आपल्याकडेही २५६ किलोबिटला सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणत, तेव्हा ही अडचण दिल्लीकराला समजावून सांगायला नको. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून गिटहबने तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि नोव्हेंबरात परत ठेवला. आता त्याचीच एक शाखा, वायटी-डीएलपी, जास्त चालते.

हा प्रोग्रॅम काय करतो ते अनुवादकाला चटकन कळावे. यूट्यूब बहुतेक व्हिडिओंचे चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फायलींत ठेवते. आवाज आधीच दाबून लहान केलेला असतो, एएसी किंवा ओपस प्रकारात. ती फाइल आहे तशी घेतली तर काही बिघडत नाही. पण बरेच जण सवयीने तिची एमपी३ करतात, म्हणजे दाबलेले पुन्हा उकलून पुन्हा दाबतात. इंग्रजीवरून केलेला रशियन कादंबरीचा मराठी अनुवाद, तसे. कथा पोचते, श्वास राहतो मागे.

कायद्याचे काय? यूट्यूबच्या अटी याला मनाई करतात. फुकट आवाज काढून देणारी संकेतस्थळे अडवण्याचे आदेश दिल्ली उच्च न्यायालयानेच दिले आहेत. दुसरीकडे १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलम ५२ खाली खाजगी वापर आणि संशोधनासाठी रास्त व्यवहाराची सूट आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीने ती संगणक-प्रोग्रॅम सोडून सर्व कृतींना, म्हणजे ध्वनिमुद्रणांनाही, लागू झाली. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे. पण आकाशवाणीच्या कपाटात राहिलेल्या आणि एका श्रोत्याने कॅसेटवर धरलेल्या मैफलीचे 'प्रकाशन' कधी झाले म्हणायचे? माझा कल स्पष्ट आहे: बाजारात मिळणारी गाणी विकत घ्यावीत, जे कुणी विकतच नाही ते अभ्यासापुरते उतरवून ठेवावे. गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत-संशोधनाचे ध्वनिसंग्रहालय आहे, दिल्लीत संगीत नाटक अकादमीचे आहे. तिथे नोंदी ठेवून, परवानगीने ऐकता येते. त्यांचे काम मोठे आहे, पण एखाद्या निवृत्त शिक्षकाने चढवलेली वऱ्हाडी भारुडाची ध्वनिफीत तिथे पोचण्याआधीच त्याचे खाते बंद झालेले असते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पोथी उतरवणारा लहिया शेवटी पुष्पिकेत शक, गाव, कुणासाठी लिहिली ते नोंदवी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली हे आपल्याला माहीत आहे ते त्या नोंदीमुळेच. ग्रामोफोनच्या पहिल्या पिढीतही ही रीत होती. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारले. रेडिओवरच्या मैफलीची पुष्पिका म्हणजे निवेदकाचा आवाज: केंद्राचे नाव, कलाकार, राग, साथीदार. चढवणारे नेमका तोच भाग कापतात, गाणे लवकर सुरू व्हावे म्हणून. मग एकच यमन तीन तारखांनी फिरतो, तबलजी बदलत राहतो.

वायटी-डीएलपीत व्हिडिओखालचे वर्णन, चढवल्याची तारीख आणि खात्याचे नाव वेगळ्या फायलीत उतरवून घेण्याची सोय आहे. आवाज काढणाऱ्यांपैकी फार थोडे ती वापरतात. निवेदन न कापलेली प्रत मिळाली तर मी तीच घेते, खरखर जास्त असली तरी.