गांजाचा अंमल व वाहनचालन : वयपरत्वे परिणाम

गांजा, चरस व भांग ही एकाच वनस्पतीची रूपे असून, त्यांतील टीएचसी हे द्रव्य अवधान, कालज्ञान व हातापायांचा मेळ यांत व्यत्यय आणीत असल्यामुळे, त्यांच्या अमलाखालील चालकाची प्रतिक्रिया मंदावते आणि गाडी आपल्या पट्ट्यात सरळ न राहता डावीउजवीकडे झुलू लागते. मद्यपी बहुधा वेग वाढवतो; गांजा ओढलेला इसम उलट वेग आवरतो व पुढील वाहनापासून अंतर राखतो, तथापि अकस्मात कोणी आडवे आल्यास ही सावधगिरी अपुरी पडते. ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांतच चढतो. भांगेचा मात्र तासा-दोन तासांनी चढून पुष्कळ वेळ टिकतो, त्यामुळे ‘आपल्याला काहीच चढली नाही’ अशा समजुतीने निघालेल्यास ती भर रस्त्यात गाठते.

तारुण्यात चालनाचा सराव बेताचा आणि मेंदूची वाढही अपुरी असते. मॅक्गिल विद्यापीठातील २०१८ च्या प्रयोगात, अधूनमधून गांजा ओढणाऱ्या १८ ते २४ वर्षांच्या तरुणांना आभासी वाहनावर बसवले असता, साधे चालन फारसे बिघडले नाही. परंतु लक्ष वेधणारे प्रसंग उद्भवताच त्यांची कामगिरी पाच तासांनंतरही खालावलेली आढळली. प्रौढ नित्यसेवकांस अमलाची काहीशी सवय जडते, पण तिने दोष पूर्णपणे झाकला जात नाही. वृद्धत्वी दृष्टिमांद्य व झोपेची औषधे यांची त्यात भर पडते. टोरोंटो येथे ६५ ते ७९ वर्षांच्या चालकांस त्यांचाच गांजा ओढावयास देऊन केलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, अर्ध्या तासाने वाहनाचे झुलणे वाढले व वेग घटला. तीन तासांनी लक्षणीय फरक उरला नाही. रक्तातील टीएचसीचे प्रमाण व चालनातील बिघाड यांचा मेळ मात्र बसला नाही.

हे द्रव्य मेदात साठून नित्यसेवकाच्या रक्तात दिवसेंदिवस रेंगाळते, म्हणून कायद्याने आकडा ठरवणे अवघड जाते. कॅनडाने रक्ताच्या दर मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमपासून गुन्हा मानला. जर्मनीने २०२४ मध्ये रक्तद्रवात ३.५ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली, पण २१ वर्षांखालील चालकांस ही सवलत नाकारली. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये मद्यास १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमली द्रव्यांस असा आकडा नसून, वाहनावर योग्य ताबा ठेवण्याची असमर्थता हाच निकष आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.