किल्ल्यातले पंडितजी

आजीच्या लेखी पंडित नेहरू देशाचे पहिले पंतप्रधान वगैरे नंतर. आधी ते नगरचे. नगरच्या किल्ल्यात अडीच वर्षं काढलेला माणूस नगरचाच, असा तिचा साधा हिशेब. तिचं माहेर भिंगारचं, किल्ल्याच्या अगदी शेजारचं.

९ ऑगस्ट १९४२ला पहाटेच मुंबईत धरपकड झाली. पुण्याच्या स्टेशनावर लोकांवर लाठ्या पडताना पाहून पंडितजींनी खिडकीतून फलाटावर उडी टाकली, हे सांगताना आजी स्वतः तिथं असल्यासारखे हातवारे करी. मौलाना आझाद, वल्लभभाई, पंत, कृपलानी, आपले शंकरराव देव असे सगळे नगरला आले. सरकारनं जागा गुपित ठेवलेली; पण भिंगारात गुपित राहतं होय? दूध घालणाऱ्या मामांनी म्हणे लगेच खबर आणली. मामांचं दूध खरंच किल्ल्यात जायचं की नुसतं छावणीत, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. मौलाना तर बिनदुधाचा चिनी चहा पीत. मामांना हे कळलं असतं तर जिव्हारी लागलं असतं!

पंडितजी किल्ल्यात बाग करत. खणताना जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले, एकदा तर दगडात कोरलेलं कमळ. १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबरात त्यांनी तिथंच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यात ही खणाखणी आहे, चांदबिबीही आहे. आजीला त्या पुस्तकाचं काही नव्हतं. तिची काळजी निराळी : “त्यांना बाजरीची भाकर पचली असंल का रं?”

पुढं संयुक्त महाराष्ट्राचं वारं सुटलं. मुंबईपायी शंभरावर जीव गेले. १९५७ला पंडितजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा आमचे आबा पसरणीच्या घाटात काळं निशाण घेऊन उभे. निशाण कसलं, आजीच्या मोडक्या छत्रीचं कापड! भाकरी, ठेचा, कांदा अशी शिदोरीही तिनंच बांधून दिलेली. आपल्या माणसाचं चुकलं तर तोंडावर सांगावं, असं तिचं म्हणणं. १ मे १९६०ला मुंबईत पंडितजींच्याच हस्ते महाराष्ट्र राज्याचा आरंभ झाला. घरी पुरणपोळ्या झाल्या. आबांनी चांगला ताव मारला, पण राग गेला असं काही कबूल केलं नाही.

२७ मे १९६४ला रेडिओवर पंडितजी गेल्याची बातमी आली. आबांनी घरात चक्क सुतक धरलं. शेजारच्या कुणीतरी चेष्टेत छत्रीचं कापड काढलं, तसे ते उखडले : “भाऊबंदाशी बांधावरून भांडलो, म्हणून काय खांदा द्यायचा नाही?”